मिठाचा मान

घणसोली गावात मला खोली मिळाली ती माझ्या मसाल्याच्या डब्याची झडती होऊन. हल्ली हे सांगितलं की आमच्या सोसायटीतल्या बायकांना वाटतं, ही काहीतरी रचून सांगतेय. अहो, खरंच! नव्वदच्या दशकातली पहिली-दुसरी वर्षं असतील. आमच्या ह्यांना रबाळ्याच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, लग्नाला पुरते तीन महिने झाले नव्हते, आणि आम्ही एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात स्टोव्ह घेऊन गावठाणात खोली शोधत फिरत होतो. एका दुमजली घराच्या ओट्यावर घरमालकीण पाय पसरून करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत बसली होती. ह्यांनी आपलं नाव, गाव, कंपनी, पगाराची तारीख सगळं घडाघडा सांगितलं. तिने ह्यांच्याकडे वर मान करून बघितलंही नाही. मला विचारलं, "मसाला कनचा हाय?"

मी म्हटलं, "कांदा-लसणाचा. सासूबाईंनी दिलाय. साताऱ्याकडचा आहे."

"दाव."

भर गल्लीत ट्रंक उघडून, माझी लग्नातली साडी बाजूला सारून मी डबा काढला. तिने हात पुसले, झाकण काढलं, डोळे मिटले आणि नाक आत घातलं. मग दोनदा दणदणीत शिंकली. "लसून जुना हाय. खोबरा करपलाय. मिरची मातर चांगली हाय. वरची दुसरी खोली घ्या."

ह्यांचा चेहरा आईच्या अपमानानं पडला. मला मात्र, खोटं कशाला बोलू, आतून गुदगुल्या झाल्या. खोबरं करपलंय हे मी सासूबाईंना मसाला करतानाच सांगितलं होतं. माझ्या बाजूनं बोलणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

सगळं गाव तिला आय म्हणायचं, म्हणून आम्हीही आय म्हणू लागलो. मी पहिल्या दिवशी "मालकीणबाई" म्हटलं तर तिने मागे वळून बघितलं, कुणाला हाक मारतेय म्हणून. आगरी घरातली, नऊवारी घट्ट नेसलेली, हातभर हिरव्या बांगड्या. नाक दिसायला अगदी साधं, थोडं बसकंच. त्या नाकात असं काही असेल असं कुणाला वाटलं नसतं. पण त्या नाकानं आम्हा चार भाडेकरूंची झोप उडवली होती.

वर चार खोल्या होत्या, आणि जिना थेट तिच्या ओट्यावर उतरायचा. आमची नावं तिने कधी पाठ केली नाहीत. आम्ही पहिली, दुसरी, तिसरी आणि चौथी. चौथीत एक अविवाहित मास्तर राहायचे, त्यांनाही ती "ए चौथी" अशीच हाक मारायची. सकाळी फोडणी बसली की खालून आवाज सुरू. "ए दुसरी! मोहरी तडतडली नाय अजून, घाई कसली?" "ए तिसरी! डालीत गूल टाकलास? आमटी करतंस का बारश्याची खीर?" "ए चौथी! आज पन पाव? पाव खाऊन खाऊन मरशील आनि माना पोलीस विचारतील!" मास्तर बिचारे पावाला जॅम लावून दार लावून खायचे. जॅमचाही वास तिला यायचा.

तिची मतं ऐकून घ्यायची नसायची, पाळायची असायची. टोमॅटो म्हणजे आळशी बायकांची चिंच. भाजीवर कोथिंबीर भुरभुरणारी बाई खाली काहीतरी लपवतेय असं धरून चालावं. बटाटा कशातही घालावा, तो बिचारा कधी तक्रार करत नाही, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. कुकरवर तिचा फार राग. माझ्या कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा ती जिन्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "शिट्टी मारनारा कधी चांगल्या घरचा नसते." दोन मिनिटांत होणाऱ्या शेवयांची जाहिरात टीव्हीवर लागली की ती पडद्याला उत्तर द्यायची, "दोन मिन्टांत तं माजे हात पन धुऊन होत नाय."

ह्यांनी पहिल्या बोनसमधून छोटा फ्रीज आणला. जिन्यातून चढवताना चौघे जण घामाघूम झाले. मी हौसेनं हळद-कुंकू लावलं आणि आयला बघायला बोलावलं. ती आली, दार उघडून आतल्या गारव्यात नाक घालून उभी राहिली. मग पापलेटाची पिशवी दिसली. "ह्यो कधीचा?"

"कालचा. उद्या करणार आहे."

"मेलेल्याला घरात ठेवू नको गो," ती अगदी गंभीरपणे म्हणाली. "आमच्याकडं त्याच दिवशी उरकतात." आणि पिशवी उचलून खाली घेऊन गेली. संध्याकाळी त्याचं कालवण वाटीतून वर आलं. ते इतकं चांगलं होतं की मला भांडताही आलं नाही.

भांडले मी एकदाच, पण ते भांडण गल्लीत अजून लोकांना आठवत असेल. विषय भाकरी. मी ज्वारीची भाकरी थापत होते, ही दारात. म्हणाली, "जवारी आमच्याकडं बैलाला घालतात." माझं टाळकंच सटकलं. माझा बाप, माझे आजे, त्यांचे आजे सगळे ज्वारीवर पोसले! मी परातीतला हात तसाच घेऊन उभी राहिले. म्हटलं, "आणि तुमची तांदळाची भाकरी? दोन तासांनी तिनं खिडकीची काच पुसता येते! आमची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ असते, कळलं का?" तिसरीतली बाई दाराआडून बघत होती. मला वाटलं, झालं, आता ट्रंक भरा. आय माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग परातीजवळ बसली, गरम भाकरीचा तुकडा मोडला, हुंगला, खाल्ला. "बैलाची चैन हाय," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून महिन्यातून एकदा ती माझ्याकडून ज्वारीच्या दोन भाकऱ्या न्यायची आणि गल्लीत सांगायची, बैलासाठी नेते. बैल तिच्याकडे गेली कित्येक वर्षं नव्हता. शेतंच शहरात गेली होती.

माझ्या दाण्याच्या कुटावर मात्र तिने कधी दया केली नाही. "कूट टाकला का सगल्या भाज्या सख्ख्या बहिनी लागतात. कनची दोडका, कनची वांगी, वलखायची कशी?" हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकावं लागलं की अजून कूट घालताना मी मागे वळून बघते.

पण ह्या सगळ्याच्या वर होतं मीठ. आयचा बाप मिठागरात कामाला होता. खाडीच्या बाजूला तेव्हा थोडी मिठागरं उरली होती आणि तिच्या घरात खडेमीठच यायचं, रांजणात भरलेलं. पॅकेटातल्या बारीक मिठाला ती पावडर म्हणायची, तोंडाला लावायची. आणि तिचं मुख्य म्हणणं असं, की मीठ चाखून बघायचं नसतं. चाखून तर कुणीही करेल. मीठ वाफेवर कळतं.

मला हसू आलं होतं. तिने माझा दंड धरून मला चुलीजवळ बसवलं. आमटी उकळत होती. "डोले मीट. वाफ घे. ही अलनी हाय. येते नि जाते. आता बग." तिने मीठ टाकलं, थोडं थांबली. "आता घे. ही नाकात बसते." मला त्या दिवशी काहीच कळलं नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. पण मी जिद्दीची आहे, आणि दुपारी करायला दुसरं काही नसायचं. चार-पाच महिन्यांनी एक दिवस मी डोळे मिटून म्हटलं, "आय, कमी आहे." तिने वाफ घेतली आणि मला एक शिवी दिली. शिवी इथे छापण्यासारखी नाही, पण ती शाबासकीची होती.

हे वाफेचं वेड नुसतं वेड नव्हतं. चैत्रात गावदेवीची जत्रा असायची. त्या दिवशी आमच्या आळीचं जेवण एकाच मोठ्या टोपात शिजायचं, मटणाचं. देवीला निवद दाखवल्याशिवाय त्या टोपातलं कुणी ओठाला लावायचं नाही, ही रीत. शंभर-सव्वाशे माणसांचं जेवण आणि चाखायचं नाही! म्हणून मीठ घालण्याचा मान आळीत एकाच बाईकडे असायचा. आधी तो आयच्या सासूकडे होता, सासूनं तो मरताना हिच्याकडे दिला होता. तीस वर्षांत एकदाही मीठ कमी-जास्त झालं नव्हतं. त्या दिवशी ती पदर खोचून टोपाजवळ उभी राहिली की बाकीच्या बायका दोन पावलं मागे सरायच्या. सरपंच बायकोला दटावतो तसं ती सरपंचाला दटावायची, "धूर माझ्याकडं नको घालू, बाजूला हो."

समोरच्या घरात तिची धाकटी जाऊ राहायची. तिचंही जेवण चांगलं असायचं, आणि हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं. दोघींचं वर्षाचे अकरा महिने पटायचं नाही. जत्रेच्या दिवशी जाऊ टोपापासून बरोब्बर दोन पावलं मागे उभी राहायची, आणि तिचा हात आपोआप मिठाच्या पातेल्याकडे जाऊन परत यायचा. ते मी स्वतः बघितलंय.

आम्हाला तिथे चौथं वर्ष लागलं असेल. दिवाळीनंतर आयला मोठा ताप आला. दहा-बारा दिवस अंथरुणाला खिळून होती. उठली, ओट्यावर बसू लागली, मासे साफ करू लागली. सगळं पहिल्यासारखं. आणि एक दिवस माझं दूध उतू जाऊन करपलं. पार काळं झालं. मी पातेलं घासत खालच्या आवाजाची वाट बघत बसले. आवाज आला नाही.

मला वाटलं, आजारपणानं मवाळ झाली असेल. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वरणात गूळ घातला. शांतता. तिसऱ्या दिवशी कांदा जाळला. शांतता. मग मी अंगात आल्यासारखी एका पातेल्यात टोमॅटो, कूट, गूळ आणि वरून बचकभर कोथिंबीर असं सगळं एकदम शिजवलं आणि दार सताड उघडं ठेवलं. खाली आय शांतपणे कोळंबी साफ करत होती. मला गंमत वाटायची बंद झाली.

दुपारी मी खाली गेले. ती स्वयंपाकघरात एकटी होती. हातात सुका बोंबील धरला होता आणि तो नाकाशी घासत होती. नाक लाल झालं होतं. मला बघून तिने बोंबील मागे लपवला. बोंबील कुठे लपतो का?

"काय झालं, आय?"

"काय नाय."

"वास येत नाही ना तुला?"

तिने एकदा दाराकडे बघितलं. मग पाट पुढे सरकवला. "बस. कोनाला बोलू नको. नवऱ्याला पन नको." मी मान हलवली. "जिभेला खारा, तिखट, सगला कलते. पन नाकाला काय नाय. भिंतीसारखा झालाय." आणि मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "चैत्राला मीठ घालता नाय आला तं जाऊ घालल. घालू दे. पन मग मी कोन गो? घरातली एक म्हातारी. बसून खानारी."

मला रडू आलं. मी तिला कधी अशी बघितली नव्हती. मी काय बोलून गेले ते बोलल्यावरच मला कळलं. म्हटलं, "मी उभी राहीन ना शेजारी. नाक माझं, हात तुझा."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "घाटनीचा नाक," ती म्हणाली. "देवा, काय दिस आले." पण नाही म्हणाली नाही.

मग आमची तालीम सुरू झाली. ती रोज कालवण करायची, मी काहीतरी निमित्त काढून शेजारी बसायची. खुणा ठरल्या. मीठ कमी असेल तर मी म्हणायचं, "आय, पाणी देऊ?" बरोबर असेल तर, "आय, घाम पूस." कुणी ऐकलं तरी काय कळणार? तिच्या सुनेला वाटलं असेल, ही घाटीण अचानक फारच काळजी करायला लागली. आणि खरं सांगते, मी त्या दिवसांत थोडी मजाही मारून घेतली. चार वर्षं ऐकून घेतलं होतं. तिच्या वांग्यात मी गुपचूप कूट घातला आणि म्हटलं, "आय, काय घमघमाट सुटलाय गं!" तिने घास खाल्ला, चावला, माझ्याकडे बघितलं. "जीभ अजून जिती हाय माझी," म्हणाली आणि डाव उगारला.

एक अडचण मात्र खरी होती. त्या वर्षी खडेमीठ मिळेना. तिच्या ओळखीचं मिठागर बंद पडलं होतं आणि आळीनं जत्रेसाठी पॅकेटाच्या मिठाचं पोतं आणलं. तीस वर्षं तिच्या मुठीला खड्यांचा अंदाज होता. ही पावडर मुठीतून सुळकन निसटायची. म्हणजे हातही गेला आणि नाकही गेलं. उरलं माझं नाक, आणि त्या नाकावर शंभर-सव्वाशे माणसांच्या मटणाचा भार. आदल्या आठवड्यात मला सर्दी होईल ह्या भीतीनं मी डोकं धुतलं नाही. ह्यांनी विचारलं, काय झालंय तुला? मी सांगून टाकलं. नवऱ्याला सांगणं म्हणजे काही कुणाला सांगणं नव्हे, असं मी मनाला समजावलं.

जत्रेचा दिवस उजाडला. देवळासमोर मांडव, लाऊडस्पीकर, आळीच्या मोकळ्या जागेत तीन दगडांची चूल आणि त्यावर तो टोप. मी इतकं मटण जन्मात एका ठिकाणी बघितलं नव्हतं. दुपारी बाराच्या सुमाराला आय पदर खोचून टोपाजवळ आली. बायका दोन पावलं मागे सरल्या. मी पाण्याचा तांब्या आणि टॉवेल घेऊन तिच्याजवळ उभी. जाऊ माझ्याकडे बघत म्हणाली, "ही कशाला इथं?" आय म्हणाली, "माना उभ्यानं चक्कर येते. पानी धराला हाय." पहिल्यांदाच तिने आपल्या अशक्तपणाची कबुली दिली होती, आणि तीही खोटी.

तिने मुठी टाकायला सुरुवात केली. मी झुकून वाफ घेतली. डोळ्यांत धूर, मसाल्याचा ठसका, लाऊडस्पीकरचा कलकलाट. येते नि जाते. "आय, पाणी देऊ?" आणखी मुठी. पुन्हा वाफ. "पाणी देऊ, आय?" आणखी दोन मुठी. मग वाफ घेतली आणि थांबले. बसली का नाकात? बसली असावी. बसलीच. "आय, घाम पूस."

तिने टॉवेलनं तोंड पुसलं. टॉवेलाआड तिने डोळेही पुसले ते फक्त मला दिसलं. झाकण ठेवलं गेलं आणि ती निवदाचं ताट न्यायचं म्हणून नवं लुगडं नेसायला घरात गेली.

आणि मग मला धडकी भरली. बसली होती ना वाफ नक्की? का धुरानं भास झाला? शंभर माणसं अळणी जेवतील आणि नाव हिचं जाईल. चुलीजवळ त्या वेळी कुणी नव्हतं. मी झाकण सरकवलं, पटकन एक मूठ टाकली, ढवळलं आणि तांब्या भरायला निघून गेले. परत येताना आयची सून टोपाजवळून पदराला हात पुसत येताना दिसली. म्हणाली, "खाली लागतेय का बगायला गेलेली." मी म्हटलं, बरं केलंस. नंतर आयचा म्हातारा नवरा लाकडं सारायला आला. मास्तरही उगाच चुलीभोवती घुटमळत होते, ज्यांना उभ्या आयुष्यात चुलीचं काही काम पडलं नव्हतं. मी माझ्याच गुन्ह्यात इतकी गुंग होते की मला कसलीच शंका आली नाही.

आय आली. तिने मला केळीचं पान आणायला पाठवलं. मी पान घेऊन आले तोवर तिने ताट वाढून ठेवलं होतं. वाजतगाजत निवद गेला, देवीला दाखवला, आणि पंगत बसली.

पहिला घास घेतला तेव्हा मला वाटलं, माझ्या जिभेला काहीतरी झालंय. अहो, मीठ! भरतीच्या वेळी खाडीत तोंड बुडवावं तसं. मी घास कसाबसा गिळला आणि घाबरून पंगतीवर नजर टाकली. सगळे जेवत होते. मान खाली घालून, भाताचे डोंगर करून जेवत होते. पाण्याचे तांबे नुसते धावत होते. सरपंच ठसकले, दोन पेले पाणी प्यायले आणि ओरडले, "आये, एक नंबर झालाय!" पलीकडून दुसरं कुणी म्हणालं, "असा कधी झालाच नव्हता!" हे मात्र अगदी खरं होतं. आमचे हे माझ्यासमोर बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते म्हणत होते, "अजून रस्सा वाढा."

आय सगळ्यांत शेवटी बायकांत जेवायला बसली. मला तिला अडवायचं होतं, पण कसं अडवणार? तिने भाकरी मोडली, रश्शात बुडवली, तोंडात घातली. आणि थांबली. नाक गेलं होतं, जीभ शाबूत होती.

तिने घास गिळला. सगळी पंगत आता तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. तिने एकेकाकडे बघितलं, त्या तांब्यांकडे बघितलं, आणि सावकाश उठली. "जे जे मीठ टाकून आलेत," ती म्हणाली, "त्यांनी हात वर करा."

कुणी हललं नाही. लाऊडस्पीकरसुद्धा नेमका तेव्हाच बंद पडला होता.

"देवीच्या दारात हाव. खोटा बोलू नका."

सगळ्यांत आधी सुनेचा हात वर गेला. मग माझा. मग म्हाताऱ्याचा. मग ह्यांचा. मी ह्यांच्याकडे असं बघितलं की ह्यांनी हात अर्धा खाली घेतला. तिसरीतल्या बाईचा गेला. मास्तरांनी एक बोट वर केलं आणि म्हणाले, "मी फक्त एकच चमचा हो." कुणाला काही सांगायची गरजच पडली नव्हती. दिवाळीपासून आयनं गल्लीत कुणाच्या फोडणीला शिवी घातली नव्हती, तेव्हाच अख्खी आळी काय ते समजून चुकली होती. आणि प्रत्येक जण आपल्यापुरतं गप्प राहिला होता. आता हात वर जातच होते. शेवटी, भिंतीकडे तोंड करून, धाकट्या जावेचा हात वर झाला. मीठ न टाकता मुकाट्यानं बसली असती तर पुढच्या चैत्रात मान तिचाच होता.

आयनं ते सगळे हात बघितले. तिचा चेहरा मला वाचता येईना. चिडली असेल तर आज आमची काही खैर नाही, एवढंच माझ्या मनात आलं. मग तिने आपला उष्टा उजवा हात हळूहळू वर केला.

"मी पन टाकला," ती म्हणाली. "हिला पानाला पाठवली नि टाकला. दोन मुठी."

आधी सरपंच हसले, मग सगळी पंगत हसायला लागली, ठसकत, पाणी पीत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. आय हसता हसता खाली बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, तोंडावर पदरही न घेता. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. तिने जावेचा हात धरला. "पुढल्या सालाला मीठ तू घाल," म्हणाली. "माज्यानं आता नाय होत."

जावेनं हात सोडवून घेतला आणि आपल्या ताटातला खारट रस्सा भातावर ओतला. "तूच घालशील. आमी कोन हात लावनार नाय आता, टोपाकडं बगनार पन नाय."

"आनि कमी परला तं?"

"कमी परला तं अलनी खाऊ," जाऊ म्हणाली. "जेव आता, गार होतेय."